फैलकावर खापरं काढताना

दिवसभर मी खापरं काढतो. म्हणजे कागदावर.
काठाचा व्यास, मानेचा उतार, पोटाची जाडी.
फुटून गेलेला भाग तुटक रेघेनं दाखवायचा,
असा आमच्या धंद्याचा रिवाज.

दोन हजारांहून जास्त वर्षं झाली, ग्रीक शिपाई इथं उतरले.
विहीर खणली, देऊळ बांधलं,
आणि बेटाला नाव दिलं
आकाशातून समुद्रात पडलेल्या एका पोराचं.
बापाच्या डोळ्यांदेखत पडला होता तो.

पलीकडे दुसरं गाव, नव्वद सालचं.
बँकेच्या भिंतीवर गोळ्या, देवीच्या वणांसारख्या.
शाळेत फळ्याखाली उंट बसतात.
त्याचं खोदकाम कुणी करत नाही.
पुरेसं जुनं झालेलं नाही ते अजून.

बू मिशारी तिथला. आता सालमियात राहतो,
गुरुवारच्या बोटीनं येतो,
घराला कुलूप आहे का बघून जातो.
घराला छप्पर नाही. कुलूप आहे.

काल रात्री चुलीपाशी देस्पिना सांगत होती
तिच्या देशातल्या जुन्या काव्याचा शेवट.
ती इंग्रजीत, मी माझ्या मोडक्या अरबीत,
आणि आत कुठंतरी माणदेशी बोलीत.
म्हातारा राजा रात्री गाडी जुंपून निघाला
थेट शत्रूच्या छावणीत.
ज्यानं पोराला मारलं, मारून रथामागं फरफटवलं,
त्याचे गुडघे धरले, त्याच्या हातांचा मुका घेतला.

इथं माझी अरबी अडली.
शब्द सगळे येत होते.

आमच्या गावी देवळामागं वीरगळ आहे.
खाली गाईंसाठी झुंज,
मधे अप्सरा त्याला उचलून नेतात,
वर पिंडीपुढं तो हात जोडून बसलेला,
माथ्यावर चंद्र-सूर्य.
लहानपणी आम्ही त्यावर चिंचोके फोडायचो.
कारागिरानं गाईंची शिंगंसुद्धा मोजून कोरलीत.
पण सांगावा घेऊन घरी कोण गेलं,
मढं गाडीत कुणी ठेवलं,
उंबऱ्यावरच्या म्हाताऱ्याला कुणी धरलं,
तिथवर दगड पुरला नाही.

बू मिशारीनं विचारलं,
"अख्खा मिळाला का मुलगा?"

हो, देस्पिना म्हणाली. देवांनी देह नासू दिला नाही.
बारा दिवस.

"मला तेरा वर्षांनी पेटी मिळाली. वर नंबर.
आत मांडीचं हाड आणि घड्याळाचा पट्टा.
अर्ज तीन प्रतींत भरला होता.
मीही गेलो असतो रे रात्री गाडी घेऊन.
कुठल्या तंबूत जायचं, ते सांगा.
हात कुणाचा धरायचा,
ते कुठल्याच कागदावर नव्हतं."

वारा खाडीकडून येत होता, चुलीतला धूर माझ्याकडं.
मी ते इंग्रजीत केलं. जमेल तसं.

"पुढं?"
पुढं दोघं रडले. एकाच तंबूत, वेगवेगळं.
राजा पोरासाठी,
तो दुसरा मेलेल्या मित्रासाठी, आणि दूर एकट्या राहिलेल्या बापासाठी.
"मग?"
मग ठरलं, अकरा दिवस लढाई बंद.
जाळायला, रडायला, ढिगारा रचायला.
"आणि बाराव्या दिवशी?"

बाराव्याला आमच्यात पंगत बसते, मला उगाच आठवलं.
देस्पिना एक खापर बोटांत फिरवत राहिली.
भाषांतर करण्यासारखं काही नव्हतं.

बराच वेळानं त्यानं विचारलं,
"जेवले का पण ते?"
जेवले. मेंढी कापली.
पोरगा गेल्यापासून राजाचा तो पहिला घास.
"हां," बू मिशारी म्हणाला, "जेवावं लागतं."

आणि तव्यावरचं पापलेट त्यानं उलटलं,
बोटांनी मधला काटा सोडवला.
काटा सबंध निघाला, डोक्यापासून शेपटीपर्यंत.
विस्तवापुढं धरून तो बघत राहिला जरा,
मग मांजराकडं टाकला,
आणि मऊ बाजू माझ्या ताटात सरकवली.
"खा, मुहंदिस. गार होतंय."